रांगेत अडकलेली पत्रं

सेंडमेल म्हणजे ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोचवणारा जुना प्रोग्राम. त्याची कॉन्फिग फाइल, म्हणजे त्यानं कसं वागायचं ते लिहिलेली फाइल, जरा जवळून बघा. डॉलर, तारका, कोनी कंस, पुन्हा डॉलर. ओळीच्या डाव्या भागात पत्ता ओळखायचा कसा ते, उजव्या भागात त्याचं करायचं काय ते. दोन्हींच्या मध्ये टॅब हवा. तिथे चुकून स्पेस पडल्या की नियम बिघडला, आणि स्क्रीनवर दोन्ही दिसतात अगदी सारखे.

एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलेला हा प्रोग्राम १९८३ मध्ये बीएसडी युनिक्सबरोबर बाहेर पडला. अर्पानेट, यूयूसीपी, बर्कनेट. प्रत्येक नेटवर्कची पत्ता लिहायची तऱ्हा निराळी. या सगळ्यांची सांगड घालायची तर नियमांची अशी भाषा लागणारच होती. म्हणून त्या फाइलवरून सेंडमेलला नावं ठेवणं मला पटत नाही. खरा धोका दुसरीकडे होता. एकच अवाढव्य प्रोग्राम, तोही रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकारानं चालणारा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्मनं, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःच पसरणाऱ्या प्रोग्रामनं, आत शिरायला ज्या वाटा वापरल्या, त्यातली एक सेंडमेलमध्ये उघडी राहिलेली डीबगची, म्हणजे चुका शोधण्यासाठी ठेवलेली, सोय होती.

नव्वदच्या दशकात पर्याय आले. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी एक्झिम लिहिला. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल आणला, कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला गरजेपुरतेच अधिकार दिले आणि सुरक्षेतली चूक दाखवणाऱ्याला ५०० डॉलर देऊ केले. रचना देखणी होती. पण बदललेली आवृत्ती वाटायला २००७ पर्यंत परवानगी नव्हती. मूळ कोड घ्या, त्यावर एकेक पॅच, म्हणजे बदलाचा तुकडा, स्वतः चढवा, असा प्रकार. चांगला प्रोग्राम असा अडकून पडला, याची मला आजही हळहळ वाटते.

डिसेंबर १९९८ मध्ये आयबीएमच्या संशोधन केंद्रातून विट्से वेनेमा यांचा पोस्टफिक्स खुला झाला. इथेही कामाची वाटणी आहेच: पत्र घेणारी प्रोसेस वेगळी, रांग सांभाळणारी वेगळी, पाठवणारी वेगळी. शिवाय सेंडमेल नावाची कमांड त्यांनी जशीच्या तशी ठेवली. खालचा सर्व्हर बदलला तरी जुन्या स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही.

पत्त्यांचे आणि तपासणीचे नियम फारच गुंतागुंतीचे असतील, तर एक्झिम घ्यावा. तिथे तो सरस आहे. बाकी नवा सर्व्हर उभारणाऱ्याला मी पोस्टफिक्सच सांगेन, आणि तो त्याच्या लॉगसाठी, म्हणजे प्रत्येक पत्राचं काय झालं त्याच्या नोंदींसाठी.

रात्रीचे दोन वाजलेत. मेल जात नाहीयेत, रांग वाढत चाललीय. लॉगमध्ये ओळ दिसते: स्टेटस डिफर्ड, म्हणजे पत्र तूर्त थांबवलंय. तिच्याच शेवटी कंसात कारण: कनेक्शन टाइम्ड आउट, म्हणजे समोरून वेळेत उत्तरच नाही. एकाच ठिकाणी नाही, बाहेरच्या प्रत्येक सर्व्हरशी तेच. म्हणजे बाहेर जाणारा पोर्ट २५, सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, बंद आहे. पोस्टफिक्स सहसा पाच दिवस प्रयत्न सोडत नाही, तेव्हा पत्रं सुखरूप आहेत. पोर्ट उघडून घ्यायचा, रांग फ्लश करायची, म्हणजे अडकलेली सगळी पत्रं लगेच पुन्हा पाठवायला लावायची. आकडा उतरू लागतो.