टाळूपासून दातांपर्यंत

(दृश्य : स्वयंपाकघर. ओट्याशी उभे काका, हातात चहाचा कप.)

कप तोंडाला लावण्याआधी काका डाव्या हातात रुमाल धरतात. आता गरज नाही, पण सवय सुटत नाही.

२०२१ चा उन्हाळा. कोविडमधून उठले आणि काही दिवसांतच गाल बधिर झाला, वरचे दात हलायला लागले. म्युकरमायकोसिस. गावोगावी जिला ‘काळी बुरशी’ म्हणत, तीच. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते. रक्त थांबलं की हाड मरतं, आणि मेलेल्या हाडापर्यंत औषधही पोचत नाही. ते काढावंच लागतं. काकांचा वरचा जबडा गेला, दातांसकट, टाळूसकट. जीव वाचला.

टाळू म्हणजे तोंडाचं छप्पर आणि नाकाची जमीन. ती गेली की चहा नाकातून येतो. बोलण्याचंही तसंच. ‘ब’ म्हणायला मिटल्या ओठांमागे हवा कोंडावी लागते. इथे ती नाकातून निसटते. ‘बाबा’ म्हणायला जावं, तर ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येतं. फोनवर तर काकांनी बोलणंच सोडलं होतं.

(दृश्य : स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवलेली कवळी.)

सगळ्यात जुना उपाय हा. भोक बुजवणारी कवळी, ऑब्च्युरेटर. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये शल्यविशारद आंब्रोआज पारे यांनी असलं साधन वर्णून ठेवलंय. स्वस्त, काढून धुता येणारं. पण कवळीला धरायला दात लागतात. वर एकही दात उरला नसेल, तर ती हसताना, शिंकताना खाली येते.

म्हणून काकांच्या पोटरीतलं हाड घेतलं. शरीराचा भार नडगीवर असतो. तिच्या शेजारचं बारीक हाड, गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग राखून, काढता येतं. ते रक्तवाहिनीसकट काढायचं, तुकडे करून जबड्याच्या वळणावर बसवायचं आणि ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवायची. सोबत पायाची कातडी येते, तिची टाळू होते. हिच्यावर कधीकधी केस उगवतात. काका हे सांगताना स्वतःच हसतात.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हाड बसलं म्हणजे दात बसतीलच असं नाही. हाड दोन बोटं मागे बसलं, तर त्यावरचे दात खालच्या दातांना भेटतच नाहीत. म्हणून आधी कॉम्प्युटरवर दात मांडायचे, मग त्यांच्याखाली हाड. उलटा हिशोब वाटतो, पण घराचा नकाशाही पाया खणण्याआधीच काढतात.

हाड घेण्याजोगी तब्येत नसेल, तर गालाच्या हाडाचा आधार. इम्प्लांट म्हणजे दात धरायला हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. साधं इम्प्लांट सेंटीमीटरभराचं. गालाच्या हाडात जाणारं तीन ते पाच सेंटीमीटर लांब. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांनी दाखवलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. लांबलचक इम्प्लांटही त्यांचेच.

(दृश्य : आरसा. तोंडात लाकडी चपट्या काड्यांची चळत.)

व्रणामुळे तोंड आखडतं. दोन बोटंही आत जात नसतील, तर डॉक्टरांचं हत्यार कुठून जाणार? काका रोज काड्यांची चळत तोंडात धरायचे, जमेल तशी एकेक काडी वाढवायचे.

मग मेणात लावलेले दात, चावा तपासणं, पुन्हा दुरुस्ती. शेवटी पक्के दात.

(दृश्य : ताट.)

चिक्की, ऊस बंद. काका भाकरी आमटीत कुस्करतात. एक कोरडा तुकडा मात्र बाजूला ठेवतात, शेवटी चावायला.