केशवराव भोसले नाट्यगृह : आगीनंतर

श्रोतेहो, नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि रंगमंच, पडदे, खुर्च्या, छप्पर असे आतले बहुतेक सारे तिच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्या कलावंतांनी एरवी त्या दिवशी रंगमंचाला नमस्कार केला असता, त्यांना काळवंडलेल्या भिंतींसमोर अश्रू ढाळावे लागले.

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झाली. शेजारी खासबागचे कुस्तीचे मैदानही त्यांनीच बांधवून घेतले. मल्ल आणि नट यांना असा शेजार देणारा दुसरा राजा मला तरी आठवत नाही. पुढे ज्यांचे नाव या नाट्यगृहाला मिळाले, ते केशवराव १८९० साली कोल्हापुरातच जन्मले. त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली, १९२१ मध्ये दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमान’ नाटकात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर, म्हणजे नायिकेसमोर, ते नायक धैर्यधर म्हणून उभे राहिले आणि त्याच वर्षी, वयाची एकतीस वर्षे जेमतेम पुरी करून, गेले.

त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. गायकनटाची तान शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची तर ते काम गळ्याने आणि वास्तूने मिळून करायचे असे. येथे नजर अडवणारा खांब नव्हता आणि विंगेजवळ उच्चारलेला शब्दही मागे स्पष्ट ऐकू येई, अशी या नाट्यगृहाची ख्याती होती. लाकडी तक्तपोशी, लाकडी छत, कापडी पडदे आणि झालरी यांचा त्या नादात मोठा वाटा असतो. मात्र शतकभर वाळलेले हेच लाकूड एकदा पेटले की आवरत नाही. शॉर्टसर्किटचा संशय सुरुवातीलाच व्यक्त झाला. या आगीचे कारण काहीही असो, जुन्या वास्तूत वातानुकूलन आणि प्रकाशयोजनेचा भार वाढवताना वायरिंगची तपासणी उद्घाटनाच्या फितीइतकी उत्साहाने होत नाही, हे आपण सर्व जाणतो.

दगडी भिंती बऱ्याच अंशी तगल्या. शासनाने निधी जाहीर केला आणि नाट्यगृह पूर्वीसारखेच उभे करण्याचे ठरले. ‘पूर्वीसारखेच’ म्हणजे दर्शनी बाजू तेवढी जुनी आणि आत एखाद्या मंगल कार्यालयाचे सभागृह, असे होऊ नये. आगरोधक प्रक्रिया केलेले लाकूड, रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये आग अडवणारा पडदा, छतात पाण्याचे फवारे ही व्यवस्था आज सहज करता येते आणि ती करूनही नाद राखता येतो. त्यासाठी ध्वनिशास्त्राचा जाणकार पहिल्या नकाशापासून सोबत हवा. आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करण्याआधी कोल्हापूरच्याच एखाद्या गायकनटाला माइकशिवाय नांदी म्हणायला लावावी व ती ऐकायला अभियंत्यांना बाल्कनीच्या अगदी मागच्या रांगेत बसवावे.