खर्ची पडले

नमस्कार, श्रोतेहो.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात माझी नोकरी गेली. तिथे एक शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडायचा, 'खर्ची पडले'. इतके लाख मंजूर, इतके खर्ची पडले, इतके शिल्लक. आपल्या भाषेत लढाईत माणसं खर्ची पडतात आणि ते ऐकताना वाईट वाटतं. आम्ही मात्र रकमेपुढे तोच शब्द लिहून सुस्कारा सोडायचो. शिल्लक शून्य दिसली की साहेब खूश.

आज बोलायचं आहे ते या शब्दाबद्दलच. सरकारच्या खर्चावर विधिमंडळ, संसद लक्ष ठेवते म्हणजे नेमकं काय करते, आणि ते लक्ष आपल्या गावच्या नळापर्यंत पोचतं का?

आधी मार्चएंड सांगतो, कारण सगळं तिथे साचतं. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो. कागदावर वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. मग जिल्हा नियोजन समितीची बैठक, पालकमंत्र्यांची तारीख, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मध्ये पावसाळा आणि एखादी आचारसंहिता. निधी हातात पडेपर्यंत जानेवारी उजाडतो आणि 31 मार्चला तो व्यपगत होणार असतो, म्हणजे न वापरलेला हातचा जाणार असतो. सोयाबीन काढून झालेलं, हरभरा घरात आलेला, आणि आम्ही तेव्हा रस्त्याची निविदा उघडत बसलेलो. अशा घाईत केलेलं डांबरीकरण कसं असतं ते तुम्ही गाडी चालवताना रोज अनुभवता, मी वेगळं सांगायला नको. दोष एकट्या ठेकेदाराचा नसतो, पण त्याचाही असतो.

या खर्चाला परवानगी देतं विधिमंडळ. राज्यघटनेच्या कलम 202 प्रमाणे वार्षिक वित्तीय विवरणपत्र सभागृहापुढे ठेवावं लागतं, खात्यांच्या मागण्या, म्हणजे कुठल्या खात्याला किती पैसे हवेत ते, विधानसभेत मताला टाकाव्या लागतात. रक्कम पुरली नाही तर कलम 205 प्रमाणे पुरवणी मागण्या. मुळात पुरवणी ही अडीअडचणीसाठी. अवकाळी पाऊस, गारपीट, अचानक आलेलं काही. ती दर अधिवेशनाची रीत झाली की मूळ अंदाजपत्रकाला अर्थ राहत नाही, असं माझं हिशेबनिसाचं मत.

चर्चा होते का? होते, पण वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकत्र मताला टाकतात. दिल्लीत याला गिलोटिन म्हणतात. मार्च 2018 मध्ये लोकसभेत गोंधळ चालू असताना सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. घरात पंखा घ्यायचा तरी आपण याहून जास्त वेळ बोलतो.

हे होणार हे ओळखणारे लोकही होते. खात्यांच्या मागण्या मतदानाआधी बारकाईनं तपासण्यासाठी संसदेत विभागवार स्थायी समित्या आल्या त्या 1993 मध्ये. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते आपल्या लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. आधी 17 समित्या होत्या, 2004 पासून 24 आहेत. अर्थसंकल्पी अधिवेशन मध्येच काही दिवस थांबतं, त्या काळात या समित्या सचिवांना बोलावून विचारतात, गेल्या वर्षीचं काय झालं, यंदा एवढे कशाला? तिथे कॅमेरा नसतो, म्हणून खासदार जरा कमी ओरडतात आणि जास्त वाचतात. आपल्या राज्यात जोर अजूनही मागाहूनच्या तपासणीवर आहे.

ती कशी चालते? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, राज्याचे हिशेब तपासून अहवाल राज्यपालांना देतात. कलम 151 प्रमाणे तो सभागृहात ठेवला जातो आणि पुढे आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातो. संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. ज्यानं खर्च केला त्यानंच तो तपासायचा नाही, एवढं साधं तत्त्व.

जलयुक्त शिवारचा अहवाल आठवत असेल. सप्टेंबर 2020 मध्ये कॅगनं म्हटलं, 9,633 कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही. मोठा गदारोळ झाला. नाला खोलीकरणानं विहिरीला पाणी आलं असं सांगणारे शेतकरी मला माहीत आहेत, आणि पहिल्याच पावसात गाळानं भरलेले बंधारेही मी पाहिलेत. त्या वादात आज पडत नाही. मला आवडला तो प्रश्न. किती खर्ची पडले हे विचारून कॅग थांबलं नाही, पाणी वाढलं का, हे त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मी माझ्या कानांनी एकदा ऐकला आहे.

पीआरसी येणार होती. विधिमंडळाची पंचायत राज समिती, जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी. जिल्हा परिषदेत हे नाव उच्चारलं की रजा रद्द होतात. भिंतींना चुना, झेरॉक्सवाल्याची चांदी, आणि रेकॉर्ड रूममधून जुने पॅरे बाहेर. पॅरा म्हणजे लेखापरीक्षणातला आक्षेप. माझ्याकडे आला तो अकरा वर्षांपूर्वीचा होता. एका नळयोजनेसाठी पाइप घेतले, ते गोदामातच पडून राहिले, असा आक्षेप. ज्या अभियंत्यानं खरेदी केली तो निवृत्त, गोदामपाल वारलेला. मला अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'सदर साहित्य कालांतराने वापरण्यात आले आहे, सबब परिच्छेद वगळण्यात यावा.' ते पाइप मी कधी पाहिले नव्हते. आता हे सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

समितीपुढे आमच्या अधिकाऱ्यांनी ते वाचून दाखवलं. एक सदस्य, बोलण्यावरून आपल्याकडचेच वाटले, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ते समदं राहू द्या. गावात पाणी आलं का?" अधिकाऱ्यांनी फाइल चाळली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी माझे कागद चाळले. देयक होतं, दर होता, साठा नोंदवही होती, पाण्याला रकाना नव्हता. शेवटी साहेब म्हणाले, "खर्च नियमानुसार झालेला आहे." समितीनं तो पॅरा पुढच्या साक्षीसाठी ठेवला. पुढे माझी बदली झाली.

खरं तर रकाना आहे. खाती कार्यक्रम अंदाजपत्रक छापतात, केंद्रानं 2005 पासून परिणामांचं अंदाजपत्रक सुरू केलं, म्हणजे पैशातून काय साधलं ते सांगणारं. पण ते वाचायला कुणी मागत नाही. जलजीवन मिशन पाहा. माणशी रोज 55 लिटर पाणी हा त्याचा निकष. टाकीची उंची, पाइपची लांबी, नळांची संख्या, सगळं मोजलं जातं. ते 55 लिटर मात्र मोजायचं तर एखाद्या बाईच्या शेजारी घागर घेऊन उभं राहावं लागेल, आणि ते आमच्या लेखा विभागानं कधी केलं नाही.

मुंबईच्या समितीला आपल्या प्रत्येक गावात येता येणार नाही, पण आपण स्वतः पाहू शकतो. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीत आले, त्यांचे तपशील ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. निवृत्तीनंतर एकदा पुतण्याच्या मोबाईलवर मी आमच्या गावाचं नाव टाकलं. एक नाली 'काम पूर्ण' अशी दिसली. पुतण्या म्हणाला, "काका, ती तर मारुतीच्या पारापर्यंतच हाय की."

1 मेच्या ग्रामसभेत मी त्या नालीची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही, मागितली. आधी हशा झाला, मग कुणीतरी म्हणालं, चहा सांगा काकांना. पुस्तिका पंचायत समितीत आहे, पुढच्या सभेत दाखवू, असं उत्तर मिळालं. मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं आणि खाली सही केली. पुढची सभा 15 ऑगस्टला आहे. पुतण्यानं बाजारातून तीस मीटरचा टेप आणून ठेवला आहे.

नमस्कार.