नवं काम शिकल्यावर पगार वाढतो का?

[बंद कारखान्याचं फाटक. गंजलेलं कुलूप.]

कारखाना बंद पडला की कामगाराची नोकरी जाते आणि त्या एकाच यंत्रावर मुरलेला हातही बिनकामाचा ठरतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अशा जुन्या कामगारांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या कमाईला बसलेली खोट दीर्घकाळ टिकली. वर्षाला सरासरी २५ टक्के!

मग सरकार म्हणतं, नवं काम शिका.

[प्रशिक्षण केंद्र. चाळिशीतले विद्यार्थी.]

त्याचा उपयोग होतो का, हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर यांनी १९७८ मध्ये एक मेख दाखवून दिली. प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई प्रवेशाच्या थोडं आधीच घसरलेली असते. पुढे ती सावरली, तर श्रेय वर्गाला द्यायचं की नुसत्या सरलेल्या काळाला?

यावर उपाय म्हणजे सोडत. अर्जदारांतल्या काहींना प्रवेश द्यायचा, काहींना नाही, आणि मग दोघांचे पगार ताडून पाहायचे. ऐकायला निष्ठुर, पण हिशोब चोख. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर झालं. प्रौढांची कमाई थोडीफार वाढली. तरुणांच्या पदरात जवळपास काहीच पडलं नाही.

[कॅलेंडरची पानं.]

शिवाय, शिकत असताना माणूस नोकरी शोधत नाही. म्हणून सुरुवातीचे आकडे हमखास फिके दिसतात. कार्ड, क्लूव्ह आणि वेबर या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये अशा रोजगार कार्यक्रमांवरचे दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. पहिल्या वर्षी परिणाम शून्याच्या आसपास होता, दोन-तीन वर्षांनी तो स्पष्ट दिसू लागला. एवढा धीर किती मंत्र्यांना असतो?

[रुग्णालय. गणवेशातल्या प्रशिक्षणार्थी.]

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात १९९२ पासून ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ चालू आहे. माणसं कुठे हवी आहेत हे आधी पाहायचं, त्यानुसार शिकवायचं आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत पाठीशी उभं राहायचं, अशी तिथली रीत. विशिष्ट क्षेत्र धरून चालणाऱ्या अशा निवडक कार्यक्रमांमध्ये प्रशिक्षणानंतरच्या वर्षी कमाई १४ ते ३९ टक्क्यांनी वाढल्याचं प्रयोगांत आढळलं.

मात्र हे कार्यक्रम प्रवेशाआधी चाचणी घेतात, मुलाखत घेतात, उमेदवाराची चिकाटी जोखतात. अर्ज करणाऱ्यांतले बरेच जण या चाळणीतच गळतात, आणि वाढीव पगाराच्या आकड्यांत त्यांची गणतीच नसते.