शिकारी पक्षी काय खातात?

श्रोतेहो, नमस्कार.

शिकारी पक्षी म्हटले की बहुतेकांच्या मनात येतो तो बहिरी ससाणा. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने सूर मारून तो उडत्या कबुतराला धडक देतो, हे खरेच आहे. परंतु असे करणारे पक्षी थोडे. बडोद्याच्या आणि आसपासच्या आकाशात दिसणाऱ्या बऱ्याच शिकारी पक्ष्यांचे पोट उंदीर, सरडे, नाकतोडे, मेलेली जनावरे आणि बाजारातील टाकाऊ मांस यांवर भरते. चुकलेली प्रत्येक झेप म्हणजे वाया गेलेली ताकद. तेव्हा कमीत कमी कष्टांत जे मिळेल ते खाणे, हाच त्यांचा व्यवहार आहे.

आपली नेहमीची घारच घ्या. तिचे पाय गरुडाच्या मानाने दुबळे असतात, त्यामुळे मोठे भक्ष्य मारणे तिला जमत नाही; पण दुभंगलेल्या शेपटीच्या साहाय्याने ती गर्दीच्या रस्त्यावर, विजेच्या तारांमधून इतक्या सफाईने वळते की मासळी बाजारातील टाकलेले तुकडे ती न थांबता पायाने उचलते आणि उडता उडताच खाते. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून बाहेर पडतात, तेव्हा घारींचे थवे त्यांवर तुटून पडतात. एवढा मोठा पक्षी आणि एवढासा घास, असे आपल्याला वाटेल; पण विनासायास मिळणारे अन्न ती का सोडील?

शिक्रा याच्या उलट स्वभावाचा. तो झाडाच्या पानांआड दबा धरून बसतो आणि अचानक पाल, सरडा, खार किंवा चिमणीएवढा पक्षी उचलतो. त्याची मादी नराहून मोठी असते. ती अंड्यांवर बसलेली असताना शिकार आणण्याचे काम मुख्यतः नराकडे असते. शेतांवर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबणारी, लाल डोळ्यांची कापशी मात्र मुख्यतः उंदरांवर जगते, म्हणून शेतकऱ्याने तिला आपलीच समजावी.

हिवाळ्यात या मंडळींत पाहुण्यांची भर पडते. डभोईजवळचा वढवाणा तलाव बडोदे संस्थानाच्या काळात, १९१० साली, सिंचनासाठी बांधला गेला आणि २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बदकांसाठी तो प्रसिद्ध असला, तरी अशा पाणथळ जागांवर कैकर हा मासेखाऊ पक्षी लक्ष देऊन पाहण्यासारखा असतो. त्याच्या तळव्यांवर काट्यांसारखे खरखरीत उंचवटे असतात आणि पायाचे बाहेरचे बोट मागे वळू शकते. निसटणारा मासा त्यामुळे घट्ट धरता येतो, आणि उडताना कैकर माशाचे तोंड पुढे ठेवून नेतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होतो. भावनगरजवळच्या वेळावदरला संध्याकाळी शेकडो भोवत्या, म्हणजे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी, गवतात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. दिवसभर त्या माळरानावर आणि कपाशीच्या शेतांवर जमिनीलगत घिरट्या घालत असतात, आणि त्यांच्या खाण्यात नाकतोड्यांचा वाटा मोठा असतो. कीटकनाशकांच्या फवाऱ्यांनी नाकतोडेच संपले, तर या पाहुण्यांनी हजारो मैलांवरून यावे तरी कशासाठी?

हे पक्षी काय खातात, हे कळण्याचा एक चांगला मार्ग त्यांनीच ठेवला आहे. न पचलेले केस, पिसे आणि हाडे यांचा घट्ट गोळा करून ते तो तोंडावाटे बाहेर टाकतात. घारी व गरुड भक्ष्य फाडून खातात आणि त्यांच्या पोटातील तीव्र आम्लात बरीचशी हाडे विरघळतात. शिवाय त्यांच्या गळ्याखाली अन्न साठवण्याची पिशवी असते, ती जणू त्यांची शिदोरीच. घुबडाला अशी पिशवी नसते. ते उंदीर बहुधा सबंधच गिळते आणि त्याचे आम्लही सौम्य असते, म्हणून त्याच्या गोळ्यात उंदराची अख्खी कवटी सापडते. जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाचा मुक्काम असेल, तर त्याच्या बैठकीखालचे गोळे पाण्यात भिजवून पाहावेत. त्यांतील कवट्या मोजल्या म्हणजे त्याने किती उंदीर खाल्ले याचा अंदाज येतो. घुबड अशुभ मानणाऱ्यांनी तर हा प्रयोग अवश्य करावा.

आता गिधाडांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण खाण्याच्या पद्धतीनेच त्यांचा घात केला. गिधाड मेलेले जनावर डोळ्यांनी शोधते आणि त्याहून अधिक इतर गिधाडांवर नजर ठेवून शोधते. एक खाली उतरले की दूरचे दुसरे वळते, त्याला पाहून तिसरे, आणि थोड्याच वेळात एका मृत गाईभोवती मोठा थवा जमतो. लांब, जवळपास पिसे नसलेली मान आत घालून ही गिधाडे मऊ मांस खातात. लहान चोचीचे पांढरे गिधाड कडेला उरलेले तुकडे टिपते. ही सामायिक पंगत शतकानुशतके गावे स्वच्छ ठेवीत होती. पुढे गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक दिले जाऊ लागले. औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि ते काही दिवसांत मरते. शंभर मृत जनावरांमागे एखादेच असे असले, तरी सबंध जातीचा ऱ्हास होण्यास ते पुरेसे ठरते, कारण त्या एकावर कितीतरी गिधाडे बसतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांसाठी हे औषध वापरण्यावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जाऊ नयेत म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरवर आणली गेली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही गिधाडांना तशीच घातक वेदनाशामकेही गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध आहे. आपल्या गुजरातेत पांजरापोळींतून म्हाताऱ्या, आजारी जनावरांवर अखेरपर्यंत उपचार होतात, ही दयाबुद्धी आदरणीयच आहे. पण तेथे कोणते इंजेक्शन टोचले जाते, हे विश्वस्तांनी पशुवैद्याला आवर्जून विचारावे.

उंदरांच्या विषाचेही असेच आहे. रक्त गोठू न देणारी औषधे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो मंदावतो आणि म्हणूनच घुबडाच्या हाती सहज लागतो.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. उत्तरायणात मांज्याने पंख कापलेली घार गच्चीवर पडली, तर कळवळून तिच्यापुढे दूध-पोळी ठेवू नये. दूध तिला पचत नाही आणि पोळी हे तिचे अन्न नव्हे; घाबरलेल्या पक्ष्याच्या चोचीत बळेच पाणी घातले, तर ते श्वासनलिकेत जाते. तिच्यावर जाड कापड टाकावे, नख्या सांभाळून तिला भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे, खोके अंधाऱ्या, शांत जागी न्यावे आणि १९६२ या क्रमांकावर करुणा रुग्णवाहिकेला किंवा वनखात्याला कळवावे. खायला काय द्यायचे, ते उपचार करणारे ठरवतील.

नमस्कार.