ड्रेस्डेनचा पोर्सिलेन-संग्रह आणि त्याची नोंदवही

पडद्यावर दिसत आहे तो एका जपानी ताटलीचा तळ आहे. ताटलीची वरची बाजू निळ्या, लाल आणि सोनेरी रंगांनी भरलेली असली, तरी जाणकार संग्राहक ती आधी उलटी करून पाहतो. या ताटलीच्या तळावर त्याला झिलईत कोरलेला, काळा रंग भरलेला एक आकडा आणि त्यासोबत अधिकचे चिन्ह आढळते. हा आकडा ज्याने ताटली घडवली त्याचा नाही. ताटली जपानमधील आरिता परिसरात तयार झाली आणि डच व्यापाऱ्यांच्या जहाजातून युरोपात आली. आकडा तिच्यावर पडला तो जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, काचेवर नक्षी कोरण्याच्या चाकाने.

आकडा घालण्याचा हुकूम देणारा राजा म्हणजे सॅक्सनीचा ऑगस्टस. तो १६९४ मध्ये सॅक्सनीच्या गादीवर आला आणि १६९७ मध्ये पोलंडचा राजा म्हणून निवडला गेला. अंगातील ताकदीमुळे इतिहासात त्याला बलवान ऑगस्टस म्हणतात, परंतु पोर्सिलेनपुढे त्याचे काही चालत नसे. संत्र्याची झाडे आणि पोर्सिलेन यांची हौस हा कधीच न भागणारा आजार आहे, अशी कबुली त्याने स्वतःच एका पत्रात दिलेली आहे. असा हव्यास त्या काळी युरोपातील पुष्कळ राजघराण्यांना होता. ऑगस्टसचे वेगळेपण आमच्या मते हव्यासात नाही, तर त्याच्या कारकुनांनी घातलेल्या वहीत आहे.

त्या हव्यासाचे कारण मात्र आधी समजून घ्यायला हवे. युरोपातील भाजलेल्या मातीची भांडी जाड, सच्छिद्र आणि सहज टवके उडणारी असत. चिनी पोर्सिलेन पातळ, पांढरेशुभ्र, कठीण आणि उजेडासमोर धरले तर अर्धपारदर्शक असे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे हा माल मकाव आणि गोव्यामार्गे लिस्बनला नेत होती आणि सतराव्या शतकात डच कंपनीने तोच व्यापार कितीतरी पटींनी वाढवला, पण हे भांडे घडते कसे हे युरोपात कोणालाही उलगडत नव्हते. व्हेनिसच्या काचकारागिरांनी पंधराव्या शतकातच दुधी रंगाची काच करून पोर्सिलेनचा आभास साधला होता. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाने १५७५ ते १५८७ या काळात झालेल्या प्रयत्नांतून मोजकीच भांडी टिकली, आणि तीही खऱ्या कठीण पोर्सिलेनची नव्हेत.

ऑगस्टसच्या आजाराचा सर्वांत प्रसिद्ध दाखला १७१७ सालचा आहे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम याला पोर्सिलेनमध्ये रस नव्हता. त्याला सैनिक हवे होते. ऑगस्टसने आपल्या घोडदळातील सहाशे शिपाई, घोडे आणि शस्त्रे वगळून, त्याच्या हवाली केले आणि मोबदल्यात प्रशियाच्या राजवाड्यांतील १५१ चिनी वस्तू घेतल्या. त्यांपैकी पुरुषाच्या कमरेच्याही वर पोहोचणारे, निळ्या नक्षीचे, झाकणाचे कुंभ आजही 'ड्रॅगून कुंभ' (ड्रॅगून म्हणजे घोडदळाचा शिपाई) या नावाने ओळखले जातात. प्रशियात त्या शिपायांचे पलटण उभे राहिले आणि त्यालाही 'पोर्सिलेन ड्रॅगून' हे नाव चिकटले. सहाशे माणसांना या सौद्याविषयी काय वाटले, याची विचारपूस कोणी केली नाही.

पण विकत घेऊन हा आजार किती काळ पोसणार? राजाला सोने हवे होते, आणि सोने करून देतो असे सांगणारा एक तरुण त्याच्या हाती लागला. योहान फ्रीडरिश बॉटगर याचा जन्म १६८२ चा. तो बर्लिनमध्ये एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करत होता. नाण्यांचे सोने करून दाखवल्याची त्याची ख्याती प्रशियाच्या राजाच्या कानी जाताच तो १७०१ मध्ये सॅक्सनीत पळाला, आणि तेथे ऑगस्टसने त्याला पाहुणा म्हणावे की कैदी, अशा अवस्थेत ठेवले. त्याच सुमारास राजाचा जवाहिरा डिंगलिंगर आपल्या कार्यशाळेत औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार सोने, मीना आणि हजारो हिऱ्यांत घडवत होता. ज्याचा तो दिल्लीचा दरबार, तो बादशहा प्रत्यक्षात तेव्हा दख्खनमध्ये मराठ्यांचे किल्ले घेत हिंडत होता आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ छावणीतच वारला. ती कलाकृती ऑगस्टसने विकत घेतली. असा खर्च करणाऱ्या राजाला किमयागाराचा आधार का वाटत होता, हे यावरून ध्यानात येते.

बॉटगरकडून सोने झाले नाही. त्याच्यावर देखरेख करणारा एरेनफ्रीड वाल्टर फॉन चिर्नहाउस हा मात्र खरा शास्त्रज्ञ होता. त्याने काचेचे कारखाने चालवले होते आणि मोठ्या भिंगांनी सूर्यकिरण एकवटून खनिजे वितळवण्याचे प्रयोग केले होते. त्याने बॉटगरचे लक्ष सोन्यावरून मातीकडे वळवले. पहिले फळ आले ते लालसर तपकिरी, अतिशय कठीण अशा भांड्यांचे. ती इतकी कठीण होती की बोहेमियाच्या काच कापणाऱ्या आणि चमकावणाऱ्या कारागिरांकडून त्यांना रत्नासारखे पैलू पाडून घेतले गेले. काच आणि पोर्सिलेन यांचे नाते असे पहिल्या पिढीपासूनचे आहे. आजच्या दालनात ही लाल भांडी पांढऱ्यांच्या सावलीत राहतात, हे आम्हाला अन्यायाचे वाटते, कारण त्यांत नक्कल कमी आणि स्वतःची बुद्धी अधिक आहे.

पांढऱ्या पोर्सिलेनचा जन्म आपल्याला तारखेनिशी माहीत आहे, आणि तोही एका टिपणामुळे. १५ जानेवारी १७०८ रोजी बॉटगरने सात मिश्रणे लिहून ठेवली. पहिले निव्वळ पांढऱ्या मातीचे होते, आणि पुढच्या सहांमध्ये अलाबास्टर या मऊ पांढऱ्या दगडाच्या एका भागाला चार भागांपासून नऊ भागांपर्यंत माती असे प्रमाण चढत गेले होते. भट्टीतून काही तुकडे वेडेवाकडे निघाले, पण शेवटचे तीन पांढरे आणि अर्धपारदर्शक होते. चिनी कारागीर काओलिन नावाच्या पांढऱ्या मातीत फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड मिसळत. बॉटगरने त्या दगडाऐवजी अलाबास्टर वापरून तेच साधले, कारण माती न वितळता तिच्या कणांमधील जागा काचेसारख्या द्रवाने भरून निघणे, हेच या विद्येचे मर्म आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिर्नहाउस वारला, आणि श्रेय कोणाचे यावरचा वाद आजतागायत मिटलेला नाही. जानेवारी १७१० मध्ये कारखान्याची घोषणा झाली आणि जूनमध्ये तो माइसन गावच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग या गढीत हलवण्यात आला, कारण गढीची दारे बंद ठेवता येत होती. तरीही माहीतगार माणसे फितूर होऊन व्हिएन्नाला पळालीच. बॉटगर १७१९ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला.

आता खुणांकडे वळू. साधारण १७२२ पासून माइसनच्या भांड्यांच्या तळावर झिलईखाली निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी दिसू लागतात. त्या सॅक्सनीच्या राजचिन्हातून आलेल्या आहेत. झिलईखालची खूण भाजताना पक्की होते, मात्र झिलईवर काढलेली खूण घासून काढता येते. या एवढ्याशा फरकावर एक मोठे प्रकरण घडले. रोदोल्फ लमेर नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने १७२९ च्या सुमारास माइसनकडून जपानी काकिएमोन शैलीच्या हुबेहूब प्रती मागवल्या आणि त्यांच्यावरील तलवारी झिलईवर काढल्या जाव्यात, अशी व्यवस्था करून घेतली. पॅरिसमध्ये तो माल जपानी म्हणून चढ्या भावाने विकला जाणार होता. राजाचा मंत्री काउंट होयम याचा त्यात हात असल्याचे १७३१ मध्ये उघड झाले. त्याला पद गमवावे लागले, आणि पुढे १७३६ मध्ये क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यात कैदेत असताना त्याने आत्महत्या केली. जप्त झालेली भांडी राजाच्या संग्रहात जमा होऊन त्यांच्यावर क्रमांक पडले. फसवणुकीसाठी केलेल्या वस्तूंची इतकी नेमकी कागदोपत्री नोंद क्वचितच सापडते.

ही क्रमांकांची पद्धत १७२१ मध्ये सुरू झाली. एल्बे नदीकाठच्या, पुढे 'जपानी राजवाडा' म्हणून ओळखल्या गेलेल्या इमारतीतील भांडी कारकुनांनी गटांत विभागली, प्रत्येक गटाला एक चिन्ह ठरवले, आणि वहीत क्रमांक, वर्णन, मापे व नग यांची नोंद केली. अधिकचे चिन्ह जपानी वस्तूंसाठी होते, तर हिरव्या रंगाचे प्राबल्य असलेल्या चिनी वस्तूंसाठी एक उभी रेघ होती. नंतर वहीतला क्रमांक भांड्यावर कोरला गेला. कारकुनांचे वर्गीकरण आजच्या अभ्यासकाला जागोजागी चुकीचे वाटते. पण वस्तूवर एक आकडा आणि वहीत तोच आकडा, ही जोडी तुटत नाही.

राजवाड्याच्या वरच्या मजल्यासाठी राजाने पोर्सिलेनचे प्राणी आणि पक्षी शेकड्यांनी मागवले, तेही शक्य तितके जिवंत आकाराचे. किर्शनर आणि त्याच्यानंतर आलेला क्येंडलर या शिल्पकारांनी हे काम पेलले, तरी एवढे मोठे तुकडे भट्टीत सुखरूप राहत नसत. वाळताना आणि भाजताना पडलेल्या भेगा त्यांच्या अंगावर आजही उघड दिसतात. त्यांतील किर्शनरचा गेंडा निरखून पाहावा. त्याच्या पाठीवर एक जास्तीचे छोटे शिंग आहे. ते आले आहे जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१५ सालच्या लाकडी ठशाच्या चित्रातून, आणि ड्यूररने तो गेंडा स्वतः पाहिलेला नव्हता. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिलेला तो प्राणी गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला होता, आणि त्याचे वर्णन व रेखाटन तेवढे न्युरेंबर्गला गेले. दोनशे वर्षांनंतर ती चूक सॅक्सनीच्या मातीत जशीच्या तशी भाजली गेली.

ऑगस्टस १७३३ मध्ये वारला. त्याच्या मुलाचा ओढा चित्रांकडे होता, त्यामुळे राजवाडा अपुराच राहिला आणि भांडी तळघरात गेली. १८७६ मध्ये ती योहानेउम या इमारतीत मांडली गेली. कोरलेल्या आकड्यांना संग्राहक आजही 'योहानेउम क्रमांक' म्हणतात, जरी ते त्याच्या दीडशे वर्षे आधीचे असले तरी. एकाच नमुन्याचे जास्तीचे नग देवाणघेवाणीत गेले, तर काही १९१९ आणि १९२० मध्ये बर्लिनच्या लिलावांत विकले गेले. म्हणूनच ड्रेस्डेनचा आकडा असलेली ताटली जगात इतरत्रही भेटते. दुसऱ्या महायुद्धानंतर संग्रह सोव्हिएत संघात नेला गेला आणि १९५८ मध्ये परत आला. आज त्स्विंगर राजवाड्यातील या संग्रहात सुमारे २०,००० वस्तू आहेत.

युद्धाच्या तडाख्यात एक खासगी संग्रहही सापडला. ड्रेस्डेनच्या क्लेम्परर या ज्यू घराण्याने माइसनची आठशेहून अधिक भांडी जमवली होती आणि १९२८ मध्ये त्यांची सूची छापली होती. नाझी राजवटीने १९३८ मध्ये तो संग्रह जप्त केला. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री शहरावर बॉम्ब पडले, तेव्हा त्याच्या पेट्या राजवाड्याच्या चौकात मालमोटारीवरच होत्या. ढिगाऱ्यातून निघालेले तुकडे आणि वाचलेली भांडी १९९१ पासून टप्प्याटप्प्याने वारसांना परत मिळाली. २०१० मध्ये त्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला, आणि मोडलेल्या मूर्तींनाही गिऱ्हाईक लाभले.

नव्याने संग्रह करू पाहणाऱ्याने यातून काही तपासण्या उचलाव्यात. अठराव्या शतकात बोहेमियातील कारागीर दुधी काचेचे पेले पोर्सिलेनसारखे रंगवून स्वस्तात विकत. पोर्सिलेनच्या बैठकीच्या कडेला बहुधा झिलई नसते आणि तेथे उघडी माती बोटाला खरखरीत लागते. काचेला वेगळी झिलईच नसल्याने तशी कडा सापडत नाही, पण तळाच्या मध्यभागी कारागिराची लोखंडी सळई तोडल्याची किंवा घासल्याची खूण असू शकते. तलवारींवर विसंबू नये, कारण त्यांची नक्कल पुष्कळांनी केली. एकोणिसाव्या शतकात खुद्द ड्रेस्डेनमधील हेलेना वोल्फझोन यांच्या रंगशाळेने राजाची 'ए-आर' ही आद्याक्षरे आपल्या मालावर सर्रास वापरली आणि माइसनला त्यासाठी न्यायालयात जावे लागले. तलवारींवर आडवी चीर कोरलेली असेल, तर तो कारखान्याने कमी प्रतीचा ठरवलेला किंवा रंग न देता विकलेला नग समजावा, आणि अशा नगावरची रंगीत नक्षी बाहेरच्या हाताची असण्याची शक्यता धरावी. योहानेउम क्रमांकही नंतर कोरता येतो. म्हणून आकडा दिसताच पैसे मोजू नयेत. जुन्या वहीत त्या क्रमांकापुढे लिहिलेले वर्णन आणि मापे पाहावीत, ती हातातील वस्तूला लागू पडतात का ते पाहावे, आणि मगच किमतीचे बोलणे सुरू करावे.