पाकिटाची मागची बाजू

बेळगावच्या शहापुरातल्या या घराचं परडं जेमतेम वीस पावलांचं. कडेला अबोली, विहिरीपाशी अळू, गडग्यावर दोडका. परड्यातलं सगळं काकू सासूबाईंकडून शिकल्या. गच्चीवरच्या या कुंड्या मात्र मोबाईल बघून लावलेल्या.

एक वाटा माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा शेणखत, असं व्हिडिओत सांगतात. काकू कोकोपीटचा ठोकळा घमेल्यात ठेवून वरून पाणी ओततात. बघा, कसा फुगतोय, सुटतोय, भुसभुशीत होतोय. नारळाच्या काथ्याचा हा भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. कोरड्या हवेच्या शहरात हाच त्याचा गुण. बेळगावात पावसानं एकदा धरलं की दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, आणि त्या व्हिडिओत पाऊस नव्हताच. मागच्या आषाढात काकूंच्या मिरच्या मुळापासून कुजल्या.

यंदा कोकोपीट ओंजळभरच. बाकी वाळू आणि येळ्ळूरहून आणलेलं भाताचं तूस. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती राहते. हे सांगितलं भात लावणाऱ्या एका मावशींनी.

आता बियाण्याचं दुकान. पाकिटावरची ही हिरवीगार भेंडी लांबूनही दिसते. मागची अक्षरं वाचायला आम्हाला कॅमेरा अगदी टेकवावा लागला. चाचणीची तारीख, मुदत, उगवणशक्ती. प्रमाणित भेंडीची उगवण किमान ६५ टक्के लागते. म्हणजे शंभरातले पस्तीस दाणे उगवले नाहीत तरी बी नियमात बसतं. म्हणून एका जागी दोन-दोन दाणे टोचायचे. इतकी कामाची गोष्ट, आणि छापलीय मुंगीएवढ्या इंग्रजीत.

शेजारच्या फळीवर किडीवरची औषधं. बाटलीवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा. हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सोबतचं माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत असावं, असा नियम आहे. या पत्रकात कन्नड आहे, मराठी नाही. दुसऱ्या भाषेची जागा नियमातच आहे. सीमाभागात ती मराठीला मिळायला हवी.

गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. इथली माती, इथला पाऊस जाणणारी माणसं याच जिल्ह्यात आहेत. त्यांचा सल्ला आमच्या परड्यापर्यंत आमच्या भाषेत आला पाहिजे.

दुकानदार कन्नड बोलणारे. काकू विचारतात, "काय ओ मालक, हे मारल्यावर भेंडी किती दिवसांनी तोडायची?"

ते चष्मा लावतात. पत्रकाची घडी उलगडतात. एका ओळीवर बोट ठेवून आधी मनात कन्नड वाचतात, मग काकूंना मराठीत सांगतात.